फरशीवरचं ऊन

परक्याच्या घरात शिरून, यजमानाशी धड दोन शब्द न बोलता, भर दुपारी त्याच्या फरशीवर सरळ आडवा पडणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. त्याची कापडी पिशवी हातात धरून मी शेजारी उभी राहिलेय, आणि घरच्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटून भिंतीवरची कॅलेंडरं वाचत बसलेय.

तो माणूस म्हणजे आमचे चाचा. रंगीत काचांच्या खिडक्या करायचे. काचेचे तुकडे कापायचे, शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांध्यांना झाळ द्यायची, फटींत लांबी भरायची, असं ते काम. अमरावतीच्या एका जुन्या बाजारगल्लीत त्यांचं दुकान होतं. पाटीवर फक्त 'काच व फ्रेम' एवढंच लिहिलेलं, कारण नुसत्या रंगीत खिडक्यांवर आमच्या वऱ्हाडात कोणाचं घर चालणार? फोटोंच्या फ्रेमा, शोकेसची दारं, बाथरूमचे आरसे यांवर दुकान चालायचं आणि खिडक्यांवर चाचा जगायचे.

एकदा एका संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यावर गेलो होतो. त्यांना खोलीच्या खिडकीत मोर हवा होता. चाचांनी मोराचं नावसुद्धा काढलं नाही.

"इथी कोण निजते?"

"आमची आई."

"कोणत्या कुशीवर?"

व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सांगा ना भाऊ, इचारून राहिले त सांगून टाका." तेवढ्यात पलंगावरून म्हातारीच बोलली, "डाव्या कुशीवर. उजव्यावर मले ढेकर येतात, बाप्पा!" झालं. चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली, पलंगाच्या बाजूला फरशीवर डाव्या कुशीवर पडले आणि पाऊण तास हलले नाहीत. उठले तेव्हा म्हणाले, "मोर नाही जमत. सकाळचं ऊन सीधं मायच्या तोंडावर येते. निळी काच लावली, अन् ही बाई निजेल दिसली, त तुमी सारे रडत बसान." म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला. मोराऐवजी तिथं डाळिंबं लागली.

मी शिकायला गेले तेव्हा मात्र चाचा असे आडवे पडत नसत. खुर्ची टाकून नुसते बसत. हे निजणं-बिजणं नंतर सुरू झालं, आणि त्याला कारण मी आहे. तेच सांगायचंय, पण आधी माणूस तर कळू द्या.

मी त्यांच्याकडे गेले ती भांडायला. माझे वडील फुलबाजारात झेंडू विकायचे. त्यांचा आणि आईचा एक फोटो मी फ्रेम करायला टाकला होता. महिना झाला तरी पत्ता नाही. मी मुळातच तापट, त्यात चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स करून वर्षभर घरी बसलेली. तावातावाने दुकानात शिरले आणि म्हटलं, "काहो चाचा, फोटो फ्रेम करून राहिले का लोणचं टाकून राहिले?" तर हे गृहस्थ स्टुलावर बसून जमिनीकडे बघत होते. मान वरसुद्धा केली नाही. "उन्हातून हट," एवढंच म्हणाले. मी खाली पाहिलं. माझ्या चपलांवर हिरवा उजेड पडला होता, आणि पायाशी सगळ्या फरशीवर हिरवा, तांबडा, मधाच्या रंगाचा. मागे भिंतीला एक अर्धवट खिडकी टेकवून ठेवलेली होती. भांडण माझ्या तोंडातच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठव्या दिवशी चाचांनी विचारलं, "शिकाचं आहे का फुकट ऊन खाऊन राहिली?"

शिकायचं म्हणजे काय, तर पहिलं अख्खं वर्ष त्यांनी मला काही जोडूच दिलं नाही. नुसतं खोलायचं. कुठल्या कुठल्या पडक्या इमारतींतल्या जुन्या खिडक्या त्यांनी आणून ठेवल्या होत्या. शिशाची कड सुरीनं उघडायची आणि तुकडा अखंड बाहेर काढायचा. तडकला की ते काही रागवायचे नाहीत. तडकलेला तुकडा माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः बाहेर चहाला निघून जायचे. तो तुकडा धरून बसणं फार जड जायचं. मी म्हणायची, "चाचा, लोक जोडाले शिकवतात, तुमी तोडाले काहून शिकवून राहिले?" तर म्हणायचे, "ज्याले खोलता नाही येत, त्याले जोडू देऊ नये."

दुसरं वर्ष लांबीचं. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळायचं, कणकेसारखं, पण कणकेच्या दहापट वेळ. माझ्या हातांना, ओढणीला, केसांना जवसाचा वास. घरी आई म्हणायची, पोट्टी चटणीच्या कारखान्यात जाते का काय!

दुकानात चाचांनी ट्यूबलाइट लावू दिली नाही. धंदा उन्हाचा, ऊन गेलं की कुलूप. ढगाळ दिवशी त्यांचं तोंड असं उतरायचं की चाची त्यांना घरातून हाकलायची. मे महिन्यात एक ते चार अमरावतीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा हा माणूस डोक्याला पांढरा रुमाल बांधून गिऱ्हाइकांची घरं बघायला निघायचा. कपडेही कायम पांढरे. रंगीत कपड्याची झाक काचेवर येते म्हणे. लाल शर्ट घालून आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी गल्लीत उभं करून माप सांगायला लावलेलं मी पाहिलंय. कोणी मोबाइलवर परदेशातल्या खिडकीचं चित्र दाखवलं की दोन बोटांनी फोन परत द्यायचे. "हे मोबाइलचं ऊन आहे. आपल्याइथलं दाखवा." आणि मी एखाद्या खिडकीकडे तोंड वासून बघत राहिले की ठरलेलं वाक्य यायचं, "काच काय पाह्यतं? फरशी पाह्य. खिडकीचं काम फरशीवर होते."

हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. तरुणपणी चाचा मुंबईला गेले होते, जुन्या इमारतींच्या रंगीत खिडक्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. सहा महिने उस्तादांनी त्यांना हत्याराला हात लावू दिला नाही. एका दालनात स्टूल दिलं आणि सांगितलं, "बैठ. देख. फिर बोल." सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उजेड कुठून कुठं सरकतो ते खडूनं फरशीवर आखत जायचं. सात वर्षं तिथं काढली, मग उस्तादांनी स्वतःचा हिरा त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, आता जा. हिरा म्हणजे काच कापायचं कलम. पितळेची मूठ आणि टोकाला ज्वारीच्या कणीहून बारीक हिरा. चाचा परत आले, कारण मुंबईचं ऊन त्यांना पचलं नाही. "ओलं असते थे," म्हणायचे. "ऊन पाह्याचं त वऱ्हाडात."

या सगळ्याचं कौतुक नसणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे चाची. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. एवढ्या वर्षांत चाचीनं स्वयंपाकघराच्या खिडकीत रंगीत काचेचा एक तुकडा लावू दिला नाही. चाचांनी कितीदा म्हटलं असेल! ती म्हणायची, "मले मेथी हिरवी आहे का पिवळी पडली थे दिसलं पाह्यजे. तुमचा उजेड तुमच्या दुकानात ठेवा." आम्ही दोघं हसायचो. तेव्हा हसायला नको होतं.

चौथ्या वर्षी अकोल्याहून काम आलं. एका प्रसूतिगृहाच्या नव्या बांधकामात वरच्या मजल्यावर एक खोली होती, बाळंतिणीच्या नातेवाइकांना बसण्यासाठी. पश्चिमेला मोठी खिडकी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोक काळजीत बसलेले असतात, त्यांना जरा प्रसन्न वाटेल असं काहीतरी करा. चाचांनी मला विचारलं, "तू करतं?" मी काय नाही म्हणणार होते? माझी पहिली खिडकी! मी झेंडू काढले. झेंडूच झेंडू, खालपासून वरपर्यंत, माझ्या बापाच्या टोपलीत असायचे तसे. चाचांनी चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "चांगलं आहे. आता जाय अन् बसून ये. सूर्व्यापासून सूर्व्यापर्यंत."

पहिल्या गाडीनं गेले. रिकामी खोली, रंगाचा वास, एक प्लास्टिकची खुर्ची. बारा वाजेपर्यंत बसले. खिडकी पश्चिमेची, सकाळचं ऊन येणारच कुठून! फरशीवर आखायला काही नाही, डबाही दुकानातच विसरलेला. भूक लागली. अकोल्यात माझी मावशी राहते आणि तिच्या हातची पाटवडी म्हणजे विचारू नका. गेले. पोटभर जेवले, पंख्याखाली पडले आणि उठले तेव्हा साडेपाच झाले होते. तिथेच मुक्काम केला. वहीत दुपारच्या उन्हाच्या रेघा मावशीच्या ओट्यावर बसून अंदाजानं मारल्या.

दुसऱ्या दिवशी चाचांनी वही उघडली. "बसली होती?"

"हो."

"दुपारून बी?"

"हो, चाचा."

त्यांनी पेन्सिल घेतली, माझी चार वाजताची रेघ पुसली आणि पार समोरच्या कोपऱ्यापर्यंत लांब नेली. "हिवाळ्याचं ऊन आत जाते," एवढंच म्हणाले. मला वाटलं, काय अनुभव आहे माणसाला! घरबसल्या कळतं.

खिडकी लागली. डॉक्टरीणबाईंना आवडली, सिस्टरना आवडली, माझे वडील फुलांचा धंदा एक दिवस बंद ठेवून ती बघायला गेले. सगळं छान झालं. पण थंडीचे दिवस होते. नव्या जन्मलेल्या लेकरांना ऊब हवी म्हणून एका सिस्टरनं बाळं तपासायचं टेबल उचलून त्या खोलीत नेलं, आणि दुपारचं ऊन जिथं येतं बरोबर त्या कोपऱ्यात ठेवलं. आता बघा. तीन वाजले की माझे झेंडू त्या टेबलावर उतरायचे आणि झाडून सारी लेकरं पिवळी दिसायची. पहिल्या आठवड्यात आज्या-मावश्यांनी बोंबाबोंब केली, कावीळ झाली, कावीळ झाली! प्रत्येक वेळी बाहेर नेऊन बघावं तर बाळ गोरंगोमटं. शेवटी सगळे हसायला लागले. खिडकीची कावीळ, असं नावच पडलं तिला.

मग एका लेकराला खरीच झाली. सिस्टरनं दुपारी पाहिलं आणि म्हणाली, काही नाही, खिडकी आहे. दुसऱ्या दिवशी दुपारीही तेच. त्या लेकराची बाळापूरकडची आजी मात्र पक्की होती. तिनं बाळ उचललं, व्हरांड्यात नेलं आणि तिथून ओरडली, "खिडकी पिवळी आहे, त लेकरू बाहेर बी पिवळं काहून आहे वं?" धावपळ झाली. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, चार दिवसांत उतरली, बाळ बरं झालं. ते आज शाळेत जात असेल. पण दीड दिवस उशीर झाला होता, आणि तो माझ्या झेंडूंनी केला होता.

निरोप आला तसे आम्ही दोघं गेलो.   डॉक्टरीणबाई चिडलेल्या होत्या आणि त्यांचं बरोबरच होतं. "तुम्ही म्हणाला होतात, दिवसभर बसून उजेडाचा अभ्यास करतो. कोण बसलं होतं इथं? कोणी काय बघितलं?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. पण चाचा आधी बोलले. "मी बसलो होतो, डॉक्टरीणबाई. त्या कोपऱ्यात ऊन येते थे मी या डोळ्यानं पाह्यलं. चूक मायी आहे. या पोरीले काही म्हणू नका."

 माझ्यासाठी एवढा म्हातारा माणूस परक्या बाईसमोर खोटं बोलतोय आणि मी फरशीकडे बघत उभी!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढून टाका सगळी. चाचा म्हणाले, एक दिवस द्या. मग त्या खोलीत, फरशीवर, टेबल होतं त्या कोपऱ्यात, ते उताणे झोपले. तीनपासून सूर्य बुडेपर्यंत. मी पहिल्यांदा त्यांना असं झोपलेलं पाहिलं. पिवळा उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीवरून, हातांवरून सरकत गेला. "वरची रांग राहू दे," उठून म्हणाले. "तिचं ऊन भिंतीवर जाते. खालचं पिवळं काढावं लागते."

ते दुसऱ्या दिवशी मीच काढलं. तेवीस झेंडू. शिशाची कड उघडत, एकेक अखंड. डोळ्यांतून पाणी गळत होतं पण हात चालू होते. चाचा नुसते बघत होते. पिवळ्याच्या जागी आम्ही साधी, बिनरंगाची काच बसवली. आजही ती खिडकी तिथं आहे. वर पिवळे झेंडू, खाली त्याच आकाराचे नितळ. लोकांना वाटतं, मुद्दामच तसं केलंय.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरला चाचांनी भजी घेतली. खाऊन झाल्यावर रुमालाला हात पुसले, पिशवीतून त्यांच्या उस्तादांचा हिरा काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, "चाचा, आज?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ठेव."

घरी चाचीनं सगळं ऐकून घेतलं. "मेथीचं सांगतलं होतं ना मी?" एवढंच बोलली आणि वाढायला घेतलं.

त्या हिऱ्यानं मी एकही काच कापली नाही. कशी कापणार? चाकाचं साधं कटर घेतलं, त्यावर पाच वर्षं काढली. हिरा मलमलच्या फडक्यात गुंडाळून खणात. चाचा अधूनमधून विचारायचे, "हिरा काहून नाही वापरत?" मी म्हणायची, जपून ठेवला आहे. ते "बरं" म्हणायचे. मी मनातल्या मनात चडफडायची, स्वतःवरच. रोज ठरवायची, आज सांगते. आणि तेव्हापासून चाचा प्रत्येक घरात विचारायला लागले होते, इथी कोण बसते, कोण निजते, कोणत्या कुशीवर. लोक हसायचे. मला हसू यायचं नाही.

गेल्या वर्षी चाचा-चाची बुऱ्हाणपूरला लेकीकडे राहायला गेले. गुडघे थकले होते. दुकान त्यांनी मला दिलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही खण आवरत बसलो होतो, तर त्यांच्या हाताला ते फडकं लागलं. उघडून पाहिलं. पितळेची मूठ काळी पडली होती.

"हे हातात असलं त सोन्यावाणी चमकते," चाचा म्हणाले. "तू याले हात नाही लावला. काहून?"

मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. मावशीकडची पाटवडी, साडेपाचपर्यंतची झोप, अंदाजाच्या रेघा. रडत रडत म्हटलं, "तुमी मायासाठी खोटं बोलले चाचा, मी बसली असं समजून. अन् मी बसलीच नव्हती."

चाचा फडक्यानं मूठ घासत होते. "मी कुठी खोटं बोललो?"

"तुमी म्हटलं ना, मी बसलो होतो म्हणून."

"बसलोच होतो. तू डबा विसरली, चाची म्हणे द्या नेऊन. डब्याचं निमित्त. तुयी पहिली खिडकी होती, मले राहवलं नाही. दीड वाजता पोचलो त खुर्ची रिकामी. चौकीदार म्हणे, बाई बारालेच गेल्या. मंग मी बसलो तुया खुर्चीवर. डबा बी मीच खाल्ला. ऊन कोपऱ्यात गेलं थे मीच पाह्यलं, बेटा. पण कोपरा रिकामा होता. तिथं उद्या कोण निजन, हे मले सुचलं नाही. थे तू बसली असती तरी तुले सुचलं नसतं. चूक मायीच होती."

 ती वहीतली पुसलेली रेघ डोळ्यांसमोर आली. दुपारून बी, हा त्यांचा प्रश्न आठवला.

"अन् तरी हिरा देल्ला?"

"सोताचं काम सोताच्या हातानं खोललं तू. रडत होती, पण तेवीसात एक बी नाही तडकली. त्याचा देल्ला."

"मंग मी खोटं बोलली थे तुमी पाच वर्षं बोलून काहून नाही दाखवलं?"

"तू सांगशीन म्हणून. मले बसाची सवय आहे."

मागच्या दारातून चाची म्हणाली, "झालं का दोघायचं? गाडी उद्याची आहे, सामान कोण बांधन?" चाचांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मूठ आता चमकायला लागली होती. त्यांनी नितळ काचेचा एक तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि हिरा हातात दिला. मी डोळे पुसले, पट्टी लावली आणि पहिली रेघ ओढली.

"मूठ ढिली धर," चाचा म्हणाले.